‘होते’ गेले कुठे? : जपानी विशेषणांचा भूतकाळ

“विशेषणाला कसला आलाय भूतकाळ? काळ असतो तो क्रियापदाला!”

हे उद्गार माझ्या बाबांचे. बाबा शाळेत मराठी शिकवतात. व्याकरण हा त्यांचा आवडीचा विषय, त्यामुळे आमच्या घरात जेवतानासुद्धा कधी कधी समास सोडवले जातात. गेल्या वर्षी मी शनिवार-रविवारच्या जपानी वर्गात नाव घातले. पहिले दोन महिने सगळे सुरळीत चालले. ‘हे पुस्तक आहे’, ‘मी विद्यार्थिनी आहे’ इथपर्यंत माझी गाडी धावत आली आणि मग विशेषणांच्या धड्यापाशी रुळावरून घसरली. ‘जपानीत विशेषणच भूतकाळात जाते,’ असे मी घरी सांगितले, तेव्हा बाबांनी वरचा निकाल दिला आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडले.

वाचकहो, हा लेख त्याच धड्याविषयी आहे. आपल्या महाविद्यालयातले अनेक जण हल्ली जपानी शिकू लागले आहेत. त्यांना तो उपयोगी पडेल. ज्यांना जपानी शिकायचे नाही, त्यांनाही आपल्या मराठीकडे जरा नव्याने बघावेसे वाटेल, अशी आशा आहे. लेखात जपानी शब्द नागरी लिपीत दिले आहेत. ‘देस्’ मधला शेवटचा स्वर जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून तो पाय मोडून लिहिला आहे. ‘देशिता’ हा शब्दही ऐकताना ‘देश्ता’ असाच वाटतो.

पाच वाक्ये, पाच चुका

आमच्या सेन्सेइ, म्हणजे शिक्षिका, जपानहून आलेल्या होत्या. एका रविवारी त्या आम्हां सगळ्यांना सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन गेल्या. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाचे प्रसिद्ध उद्यान आहे. ते १७०० साली पूर्ण झाले. त्याच्या धर्तीवर पुण्यातले हे उद्यान उभारलेले आहे. ज्यांनी ‘पूर्वरंग’मधून मराठी माणसाला जपान दाखवला, त्यांचेच नाव या बागेला असावे, हा योगही छान जुळला आहे. आम्ही डबे खाल्ले, तळ्यातले मासे पाहिले आणि परत आलो. घरी लिहून आणायला पाच वाक्ये होती : बाग कशी होती?

मी लिहिले :

१. निवा वा हिरोइ देशिता. (बाग विस्तीर्ण होती.)
२. बेन्तो वा ओइशिइ देशिता. (डबा चविष्ट होता.)
३. निवा वा किरेकात्ता देस्. (बाग सुंदर होती.)
४. निवा वा शिझुकाकुनाकात्ता देस्. (बाग शांत नव्हती.)
५. तेन्कि वा इइकात्ता देस्. (हवा चांगली होती.)

चौथे वाक्य खरे होते हो! रविवार होता आणि निम्मे पुणे बागेत लोटले होते. पण खरेपणाला व्याकरणात गुण नसतात. पाचही वाक्ये चुकली होती. आता एकेक चूक सोडवत गेलो की अख्खा धडा आपोआप समजतो.

पहिला गट : विशेषणाच्या पोटातले ‘होते’

मराठी विशेषणाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. ते लिंग आणि वचन पाहून बदलते : चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुले. सुंदर, लाल, कडू यांसारखी काही विशेषणे मात्र हट्टी असतात, ती कोणासाठीच बदलत नाहीत. काळाशी दोघांनाही कर्तव्य नाही. ‘आंबा गोड आहे’, ‘आंबा गोड होता’. गोड जागच्या जागी, काळाचे ओझे सगळे ‘आहे’ आणि ‘होता’ यांच्या डोक्यावर.

जपानी विशेषण याच्या अगदी उलट वागते. मुलगा असो, मुलगी असो, एक असो वा शंभर असोत, त्याला फरक पडत नाही. पण काळ बदलला की ते बदलते. मात्र सगळी विशेषणे नव्हेत. जपानी विशेषणांचे दोन गट आहेत आणि दोघांच्या चाली वेगळ्या.

पहिल्या गटातल्या विशेषणांच्या शेवटी ‘इ’ असते. ताकाइ म्हणजे उंच किंवा महाग, हिरोइ म्हणजे विस्तीर्ण, ओइशिइ म्हणजे चविष्ट, सामुइ म्हणजे थंड, ओमोशिरोइ म्हणजे मनोरंजक. यांचा भूतकाळ करायचा तर शेवटची ‘इ’ काढायची आणि ‘कात्ता’ जोडायचे.

ताकाइ (महाग आहे) – ताकाकात्ता (महाग होते)
हिरोइ (विस्तीर्ण आहे) – हिरोकात्ता (विस्तीर्ण होते)
ओइशिइ (चविष्ट आहे) – ओइशिकात्ता (चविष्ट होते)

नियम एवढाच. पण हे ‘कात्ता’ आले कुठून? याच विशेषणांचे एक ‘कु’कारान्त रूप असते : ताकाकु, हिरोकु, ओइशिकु. आणि जपानीत असणे या अर्थाचे क्रियापद आहे ‘आरु’, त्याचा भूतकाळ ‘आत्ता’. ताकाकु आणि आत्ता हे दोन शब्द शतकानुशतके शेजारी शेजारी उच्चारले गेले आणि एकमेकांत मिसळले. मधला ‘उ’ गळला आणि उरले ताकाकात्ता. म्हणजे जपानीतही ‘होते’ आहेच, फक्त ते विशेषणाच्या पोटात शिरून बसले आहे.

हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. “म्हणजे आपल्या आल्ता-गेल्तासारखं की!” ते म्हणाले. “‘तो काल आल्ता’ असं आपली आजी म्हणते. आला होता याचंच ते रूप. ‘होता’ गेला नाही, आत मुरला.”

मला एकदम उजेड पडला. बोलण्यात आपणही ‘केले आहे’चे ‘केलंय’ आणि ‘आलो आहे’चे ‘आलोय’ करतो. जपानी माणसाने हेच विशेषणाच्या बाबतीत केले आणि ते बोलीपुरते न ठेवता प्रमाण व्याकरणात नेऊन बसवले.

काळ एकदाच सांगायचा

आता माझ्या पहिल्या दोन वाक्यांकडे या. ‘हिरोइ देशिता’ का चुकले? ‘देस्’ हा जपानीतला आदराचा शब्द. वाक्याच्या शेवटी तो लावला की बोलणे सभ्य होते. ‘देशिता’ हे त्याचे भूतकाळी रूप. मी विचार केला, विशेषण तसेच ठेवावे आणि ‘आहे’च्या जागी ‘होते’ ठेवावे. हा विचार शुद्ध मराठी होता, आणि तिथेच गोम होती. पहिल्या गटात काळ विशेषण सांगते. ‘देस्’कडे काम फक्त आदराचे.

म्हणून बरोबर रूप : हिरोकात्ता देस्, ओइशिकात्ता देस्.

आणि कोणी जास्त हुशारी करून ‘हिरोकात्ता देशिता’ म्हटले, तर ते ‘विस्तीर्ण होती होती’ असे होईल. सेन्सेइ फळ्यावर नेहमी एक रेघ मारून सांगत : काळ एका वाक्यात एकाच ठिकाणी. मला वाटते, या धड्याचे सूत्र हेच आहे. ते धरून ठेवले तर बाकीचे विसरले तरी चालेल.

आणखी एक गंमत. विशेषणापुढे ‘देस्’ लावणे ही रचना स्वतः जपान्यांनाच बराच काळ खटकत होती. १९५२ साली तिथल्या राष्ट्रभाषा परिषदेने आदरार्थी भाषेविषयी जी शिफारस केली, तीत ही साधी-सोपी रचना मान्य करायला हरकत नाही असे म्हटले. त्याआधीची अधिक शिष्ट रचना वेगळी होती. विशेषणाचे ते ‘कु’कारान्त रूप घ्यायचे, ‘कु’मधला ‘क’ गाळून ते मऊ करायचे आणि पुढे ‘गोझाइमास्’ लावायचे. ही रचना आज रोजच्या बोलण्यातून मागे पडली आहे, पण दोन ठिकाणी ती पहिल्या दिवसापासून आपल्या तोंडी असते. हायाइ म्हणजे लवकर, त्यावरून ‘ओहायो गोझाइमास्’, म्हणजे सुप्रभात. आणि आरिगाताइ या विशेषणावरून ‘आरिगातो गोझाइमास्’, म्हणजे धन्यवाद. आरिगाताइचा मूळ अर्थ ‘असायला कठीण’. आपल्या संस्कृतात ज्याला दुर्लभ म्हणतात तेच! ज्याने दुर्लभ असे काही आपल्यासाठी केले, त्याचे आभार.

नाही आणि नव्हते

आता नकार. ताकाइ नाही असे म्हणायचे तर ‘कु’कारान्त रूपापुढे ‘नाइ’ ठेवायचे : ताकाकुनाइ, म्हणजे महाग नाही. ‘नाइ’ आणि ‘नाही’ यांचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, पण मराठी विद्यार्थ्याला ते देवासारखे धावून येते. आता या ‘नाइ’कडे नीट पाहा. त्याच्याही शेवटी ‘इ’ आहे. तेही पहिल्या गटातल्या विशेषणासारखेच चालते. म्हणून ‘इ’ काढा, ‘कात्ता’ जोडा : नाकात्ता. ताकाकुनाकात्ता म्हणजे महाग नव्हते.

ही रूपे लांबलचक दिसतात म्हणून वर्गातले अर्धे विद्यार्थी इथे हात टेकतात. पण मराठीत आपण काय करतो? ‘आहे’चा नकार ‘नाही’. आणि भूतकाळात? ‘नाही होते’ असे आपण म्हणत नाही, ‘नव्हते’ म्हणतो. आपल्या मराठीतही नकारच भूतकाळात जातो! नाही–नव्हते, नाइ–नाकात्ता. ही जोडी बाबांनी मला एका कागदावर लिहून दिली. तो कागद अजून माझ्या वहीत आहे.

पहिल्या गटाची चार रूपे अशी :

ताकाइ देस् – महाग आहे
ताकाकात्ता देस् – महाग होते
ताकाकुनाइ देस् – महाग नाही
ताकाकुनाकात्ता देस् – महाग नव्हते

शेवटच्या रूपाला आणखी एक शिष्ट पर्याय आहे : ताकाकु आरिमासेन देशिता. इथे ‘देशिता’ कसे चालले, असे कोणी विचारील. कारण ‘आरिमासेन’ म्हणजे नुसते ‘नाही’. त्यात काळ गेलेला नाही, म्हणून तो ‘देशिता’ने सांगायचा. सूत्र तेच. काळ एकदाच.

दुसरा गट : मराठीसारखा शहाणा

दुसऱ्या गटातल्या विशेषणांनी मात्र मराठी माणसावर दया केली आहे. शिझुका (शांत), गेंकि (ठणठणीत), हिमा (रिकामा, मोकळा), सुकि (आवडता) ही विशेषणे स्वतः बदलतच नाहीत. काळ पुढचा शब्द सांगतो.

शिझुका देस् – शांत आहे
शिझुका देशिता – शांत होते
शिझुका जा आरिमासेन – शांत नाही
शिझुका जा आरिमासेन देशिता – शांत नव्हते

मित्रमैत्रिणींत किंवा घरात बोलताना हीच रूपे शिझुका दा, शिझुका दात्ता, शिझुका जा नाइ, शिझुका जा नाकात्ता अशी होतात. ‘दात्ता’ हेसुद्धा ‘दे आत्ता’ याचेच आखडलेले रूप आहे. म्हणजे इथेही ते जुने ‘आत्ता’ लपून बसलेलेच!

माझे चौथे वाक्य या गटात चुकले. शिझुकाला मी पहिल्या गटाचे कपडे घातले आणि ‘शिझुकाकुनाकात्ता’ असा एक प्राणी तयार केला. हवे होते : शिझुका जा आरिमासेन देशिता.

तिसऱ्या वाक्याची चूक मात्र क्षम्य म्हणावी अशी आहे. ‘किरेइ’ म्हणजे सुंदर किंवा स्वच्छ. शेवटी ‘इ’ दिसली की हात आपोआप ‘कात्ता’कडे जातो. पण किरेइ दुसऱ्या गटातले आहे. किरेइ देशिता, एवढेच. हा शब्द जपानीत चिनी भाषेतून आला. प्रसिद्ध या अर्थाचा ‘यूमेइ’ हाही तसाच. ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या गटातल्या विशेषणांच्या शेवटी आइ, इइ, उइ, ओइ असे स्वर येतात, ‘एइ’ कधी येत नाही. ‘एइ’ दिसले की दुसरा गट. या खुणेला न जुमानणारा एक शब्द मात्र पाठच करावा लागतो : किराइ, म्हणजे नावडता. दिसतो पहिल्या गटातला, पण आहे दुसऱ्यातला. नावडत्या माणसासारखाच फसवा.

विशेषण नामाच्या आधी आले, म्हणजे आपल्या व्याकरणातले अधिविशेषण झाले, तरी काळ त्याच्यासोबत जातो. ताकाइ होन म्हणजे महाग पुस्तक आणि ताकाकात्ता होन म्हणजे महाग होते ते पुस्तक. मराठीत आपल्याला ‘जे-ते’ची कसरत करावी लागते, जपानीत एका शब्दात काम होते. दुसऱ्या गटात वर्तमानकाळी मध्ये ‘ना’ येतो, शिझुका ना माचि (शांत गाव), आणि भूतकाळी ‘दात्ता’ येते, शिझुका दात्ता माचि (शांत होते ते गाव).

एकुलते एक अनियमित

उरले पाचवे वाक्य. ‘इइ’ म्हणजे चांगला. त्याचे ‘इइकात्ता’ होत नाही, ‘योकात्ता’ होते. कारण या शब्दाचे जुने रूप ‘योइ’. वर्तमानकाळी बोलण्यात ‘इइ’ आले, पण बाकीच्या रूपांत जुने घर टिकले : योकात्ता, योकुनाइ, योकुनाकात्ता. यावर जपान्यांना नावे ठेवण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. ‘जा’ या धातूचा भूतकाळ आपण ‘गेला’ असा करतो, आणि तो कसा काय, हे परदेशी माणसाने विचारले तर गप्प बसतो.

‘योकात्ता’चा आणखी एक उपयोग आहे. हरवलेले मूल सापडले, परीक्षेत पास झालो, तापातून माणूस उठला की जपानी माणूस म्हणतो, “योकात्ता!” शब्दशः अर्थ ‘चांगले होते’, पण बोलतो तो आत्ताच्या क्षणाविषयी. हे चमत्कारिक वाटेल, पण अशा वेळी आपण काय म्हणतो? “बरं झालं!” आपलाही भूतकाळच.

एवढे हाती आले की पुढच्या वाटा आपोआप मोकळ्या होतात. ‘जायची इच्छा आहे’ म्हणजे इकिताइ. शेवटी ‘इ’, म्हणून ‘जायची इच्छा होती’ इकिताकात्ता. ‘खात नाही’ म्हणजे ताबेनाइ, म्हणून ‘खाल्ले नाही’ ताबेनाकात्ता. एका किल्लीने तीन कुलुपे उघडतात. जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या पहिल्या पायरीपासून ही रूपे लागतात, तेव्हा ती टाळून पुढे जाता येत नाही.

माझी सर्वांत मोठी चूक

आता एक गोष्ट सांगून संपवते. ती सांगायला थोडी लाज वाटते.

त्या पाच वाक्यांनंतर मी चंग बांधला. महिनाभर येता-जाता, बसमध्ये, स्वयंपाकघरात चारही रूपे घोकली. तानोशिइ म्हणजे आनंदाचा. तानोशिइ, तानोशिकात्ता, तानोशिकुनाइ, तानोशिकुनाकात्ता. पाढ्यासारखी चाल बसली. वर्ष संपले आणि सेन्सेइ मायदेशी परत निघाल्या. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाने एक वाक्य बोलायचे ठरले. मला म्हणायचे होते, ‘जपानी कठीण होती, पण वर्ग आनंदाचा होता.’ माझी पाळी आली. घसा कोरडा पडला. मी म्हणाले, “निहोंगो वा मुझुकाशिकात्ता देस् गा, कुरासु वा तानोशिकुनाकात्ता देस्.”

घोकलेली जीभ पाढ्याच्या शेवटापर्यंत धावत गेली होती. ‘जपानी कठीण होती, पण वर्ग आनंदाचा नव्हता.’

सेन्सेइ क्षणभर थांबल्या. मग नेहमीसारख्या किंचित वाकल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. वर्षभर माझी प्रत्येक चूक सुधारणाऱ्या सेन्सेइंनी ही एक सुधारली नाही. मी काय बोलले हे मला परतीच्या बसमध्ये कळले. दुसऱ्या दिवशी त्यांचे विमान होते. घरी आले ती जेवलेच नाही. बाबांनी कारण विचारले. ऐकून ते हसतील असे वाटले होते, पण हसले नाहीत. म्हणाले, “बोललेलं परत घेता येत नाही. पण लिहिता येतं. पत्र लिही.”

दोन ओळी लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ‘सेन्सेइ नो कुरासु वा मुझुकाशिकात्ता देस् गा, तोतेमो तानोशिकात्ता देस्. आरिगातो गोझाइमाशिता.’ सेन्सेइंचा वर्ग कठीण होता, पण फार आनंदाचा होता. धन्यवाद. हे आभारही भूतकाळी होते, कारण ज्याचे मानायचे ते वर्ष आता पूर्ण झाले होते. खाली निरोपाच्या दिवशीची चूकही कबूल केली.

दीड महिन्याने उत्तर आले. कार्डावर कुठल्याशा बागेचे चित्र होते. मागे पहिल्याच ओळीत, पहिल्या यत्तेतल्या मुलालाही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत, एकच शब्द होता : योकात्ता.

त्याखाली माझ्या पत्रातली एका अव्ययाची चूक त्यांनी नीट सुधारून दाखवली होती. ती पाहून मला पहिल्या शब्दाहूनही अधिक बरे वाटले.

बाबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “बरं झालं.”

– तृतीय वर्ष कला (मराठी)